कंट्रोलर बदलण्याआधीची वीस मिनिटं: ई-स्कूटर रिपेअरिंगमध्ये पैसा नेमका कुठे आहे?



दुचाकी गॅरेजवाल्यांनी बॅटरीच्या गाड्यांचं काम घ्यावं की नाही, यावर आपण मागच्या व्हिडिओत बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते एकच, "सर, कंट्रोलर कसा बदलायचा ते दाखवा." दाखवतो. पण आधी आपल्याच एका विद्यार्थ्याची गोष्ट ऐका. त्याने परवानगी दिली आहे, फक्त नाव नको म्हणाला.

कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पेट्रोल गाड्यांचं गॅरेज, हात चांगला, गिऱ्हाईक चांगलं. बॅटरीच्या गाड्या यायला लागल्या, यानेही घ्यायला सुरुवात केली. जुलै महिना, पाऊस लागलेला. एक ताई गाडी ढकलत आल्या. त्या डबे पोचवतात, रोजचे बावीस. त्यांची कमी वेगाची ४८ व्होल्टची स्कूटर, आत लेड-ॲसिडच्या चार बॅटऱ्या.

"दादा, गाडी मधेच मरते. लाईट लागते, हॉर्न वाजतो, पण एक्सलरेटर पिळला की काहीच नाही. जरा वेळाने आपोआप चालू होते."

आपल्या मित्राने सीट उघडली, आतला वायरींचा गुंता बघितला आणि म्हणाला, "ताई, कंट्रोलर गेला." शहरातून एसटी पार्सलने कंट्रोलर मागवला, १,८०० रुपयांना. बसवला, चक्कर मारली, गाडी पळाली. बिल २,५०० रुपये.

तिसऱ्या दिवशी परत पाऊस, आणि गाडी परत मेली. वेळ दुपारी पाऊण. डबे अर्धे वाटायचे राहिलेले. ताईंनी दोन किलोमीटर गाडी ढकलत गॅरेजला आणली. भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दादा, एका डब्यामागे मला पंधरा रुपये सुटतात. तुमच्या अडीच हजारासाठी मी जवळजवळ आठ दिवस स्वयंपाक केला."

मित्र सांगत होता, "सर, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

खरा दोष काय निघाला? डाव्या ब्रेक लिव्हरमधला छोटा स्विच. ब्रेक दाबला की हा स्विच कंट्रोलरला सांगतो, मोटरची पॉवर तोड. पावसाचं पाणी आत गेलं की न दाबताच तो 'ब्रेक लागलाय' असं सांगायचा. वाळला की गप्प. स्विचची किंमत ८० रुपये.

आता हिशोब मांडू

त्याने ताईंचा जुना कंट्रोलर परत बसवला, कारण तो ठणठणीत होता. स्विच बदलला आणि अडीच हजार परत दिले. नवीन कंट्रोलर घेऊन तो स्पेअरवाल्याकडे गेला, तर काउंटरवर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची पाटी: "इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही." म्हणजे १,८०० रुपये फळीवर अडकले, पार्सलचा खर्च गेला, दोन वेळचे मिळून पाच तास गेले, आणि एका गिऱ्हाइकाचा विश्वास जाता जाता राहिला.

हेच काम बरोबर केलं असतं तर? तपासणीचे २००, स्विचचे ८०, बसवायचे ७०. बिल ३५० रुपये, वेळ पाऊण तास, आणि त्याच दुपारी बावीस डबे वेळेवर.

तुम्ही म्हणाल, सर, ३५० रुपयांच्या बिलात काय मिळतं? त्याचंच उत्तर या लेखात आहे. गिऱ्हाईक तुमच्याकडे पार्ट विकत घ्यायला येत नाही. पार्ट तर मोबाईलवर घरपोच मिळतो. तो येतो 'नेमकं काय बिघडलंय' हे कळायला. ते ज्याला सांगता येतं, त्याचा धंदा चालतो.

सगळं खापर कंट्रोलरवरच का फुटतं?

कारण पेट्रोल गाडीची सवय. स्पार्क येत नाही? शेजारच्या गाडीचा सीडीआय लावून बघ. लागली गाडी? मग सीडीआय गेला. ही युक्ती तिथे चालायची. इथे दोन अडचणी आहेत. एक, प्रत्येक कंट्रोलरचे कपलर वेगळे, वायरींचे रंग वेगळे. दुसरी जास्त महागाची. मोटरच्या वायरी आतून शॉर्ट असतील तर लावून बघायला घेतलेला चांगला कंट्रोलरही जळतो. म्हणजे बघायला गेलात आणि १,८०० रुपये धुरात गेले.

शिवाय कंट्रोलर हा बंद डबा. आवाज नाही, हलणारा भाग नाही. जे दिसत नाही त्याच्यावर दोष टाकणं सोपं जातं.

कंट्रोलर करतो तरी काय?

थोडक्यात समजून घ्या. तुमच्या मागच्या चाकातली मोटर तीन वायरींवर चालते. त्यांना फेज वायर म्हणतात. बहुतेक वेळा पिवळी, हिरवी आणि निळी. या तिघींना पाळीपाळीने करंट द्यावा लागतो, तेव्हा चाक फिरतं. कोणत्या क्षणी कोणाची पाळी, हे कंट्रोलर ठरवतो. चाक आत्ता कुठे आहे हे त्याला कळतं मोटरमधल्या तीन हॉल सेन्सरमुळे. किती जोर लावायचा हे सांगतो थ्रॉटल, म्हणजे आपला एक्सलरेटर. थांब म्हणतो ब्रेकचा स्विच. आणि ताकद देते बॅटरी.

म्हणजे कंट्रोलर चार जणांचं ऐकून काम करतो. चारांपैकी एकाने जरी खोटं सांगितलं तरी गाडी थांबते आणि बदनाम होतो कंट्रोलर. म्हणून आधी या चौघांची साक्ष घ्यायची आणि मगच कंट्रोलरला आरोपी करायचं.

हात घालण्याआधी

४८, ६० किंवा ७२ व्होल्ट म्हणजे घरातल्या लाईटएवढा झटका बसत नाही, म्हणून मुलं बेफिकीर राहतात. पण बॅटरीची दोन टोकं चुकून जोडली गेली तर इतका करंट वाहतो की पाना वितळतो. बोटातली अंगठी, हातातलं कडं, स्टीलचं घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक मोकळं. वायर सोडवायची असेल तर आधी एमसीबी बंद, मग बॅटरीचा कपलर वेगळा. त्यानंतरही कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. चावी चालू करून ठेवा आणि जाड लाल-काळ्या वायरीवर मल्टीमीटर धरून व्होल्टेज शून्याजवळ येईपर्यंत थांबा. आणि बॅटरी फुगलेली किंवा वास मारणारी दिसली तर काम तिथेच थांबवा.

वीस मिनिटांची तपासणी

मल्टीमीटर साधा चालतो, पण त्यावर डायोड मोड हवा. क्रम मोडू नका. सोपं आणि स्वस्त ते आधी.

१. बॅटरी, लोडवर. नुसतं व्होल्टेज बघून फसू नका. ४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड सेटला चार्ज झाल्यावर, जरा वेळ थांबून, ५१-५२ व्होल्ट दिसतात. आता हलका ब्रेक हाताने नाही तर लाकडी फळीने चाकावर दाब देऊन थ्रॉटल द्या आणि मीटर बघा. व्होल्टेज झपकन खाली येऊन ४२ च्या आसपास गेलं की कंट्रोलर स्वतःच पॉवर तोडतो. तो बिघडलेला नाही, तो बॅटरी वाचवतोय. मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. चारपैकी एखादी लोडवर साडेदहा व्होल्टच्या खाली जाते, ती चोर. "चालता चालता बंद, थांबलं की परत चालू" या तक्रारीत ही बॅटरी बऱ्याचदा सापडते.

२. एमसीबी आणि कपलर. डोळ्यांनी बघा आणि नाकाने वास घ्या. कपलर तपकिरी झालाय, प्लास्टिक वितळलंय, पिन काळी पडलीये? तिथे करंट अडतोय. बॅटरीवर ५१ आणि कंट्रोलरच्या जाड वायरीवर कमी येत असेल, तर दोष मधल्या वाटेवर आहे.

३. चावीची वायर. कंट्रोलरला जाड लाल वायरीशिवाय एक बारीक वायर जाते, चावी चालू केल्यावर तिच्यात बॅटरीएवढं व्होल्टेज यायला हवं. आलं नाही तर इग्निशन लॉक किंवा त्याची वायरिंग. लाईट-हॉर्न चालतात म्हणून ही वायर चालू असेलच असं धरू नका, कारण बहुतेक गाड्यांत लाईट-हॉर्न वेगळ्या कन्व्हर्टरवर असतात.

४. ब्रेक, साईड स्टँड, पार्किंग. दोन्ही ब्रेक लिव्हरचे कपलर सोडवा आणि थ्रॉटल द्या. चाक फिरलं? झालं, स्विच दोषी. गाडीला 'पी' बटण असेल तर ते दाबून सोडा. साईड स्टँडचा सेन्सर असेल तर तोही तपासा. काही गाड्यांत ब्रेक लाईटचे बारा व्होल्ट कंट्रोलरला जातात. तिथे ब्रेक न दाबता लाईट लागलेली राहते का ते बघा. या पायरीला तीन मिनिटं लागतात. आपल्या मित्राची हीच तीन मिनिटं राहिली होती.

५. पाच व्होल्ट. थ्रॉटलच्या तीन वायरींपैकी लाल आणि काळीवर चावी चालू असताना साधारण पाच व्होल्ट हवेत. नाहीत? मग लगेच कंट्रोलर गेला म्हणू नका! इथे बरेच जण फसतात. थ्रॉटलचा कपलर सोडवा, बघा पाच व्होल्ट परत आले का. नाही आले तर हॉल सेन्सरचा कपलर सोडवा. एकच पाच व्होल्टची लाईन सगळ्यांना जाते. थ्रॉटल किंवा हॉल सेन्सर आतून शॉर्ट असेल तर तो अख्खी लाईन खाली ओढतो. सगळं सोडवूनही कंट्रोलरकडून पाच व्होल्ट येत नाहीत, आणि पायरी तीनमध्ये चावीच्या वायरीला व्होल्टेज आहे, तर हो, हा पुरावा कंट्रोलरच्या विरोधात आहे. टिपून ठेवा.

६. थ्रॉटलचा सिग्नल. तिसऱ्या वायरीवर मूठ सोडलेली असताना साधारण ०.८ ते १ व्होल्ट. हळू पिळत गेलं की वाढत साडेतीन ते चारच्या आसपास. मधेच उडी मारली किंवा वाढलंच नाही, तर थ्रॉटल बदला.

७. हॉल सेन्सर. कपलर जोडलेलाच ठेवून मागून मीटरची टोकं टेकवा. सोडवून मोजलं तर चुकीचं दिसेल. चाक हाताने अगदी हळू फिरवा. तिन्ही सिग्नल वायरींवर व्होल्टेज शून्य, पाच, शून्य, पाच असं बदलायला हवं. एखादी वायर अडून राहिली तर तो हॉल सेन्सर किंवा त्याची वायर. अशी गाडी उठताना थरथरते, "खर्रर्र" करते, हाताने ढकलली की पळते.

८. फेज वायर. बॅटरी सोडवलेली. चाक हाताने फिरवा. जड, झटके देत फिरतंय? तिन्ही जाड फेज वायर मोटरपासून वेगळ्या करा, एकमेकींना टेकू देऊ नका, परत फिरवा. आता हलकं झालं तर कंट्रोलरचे मॉसफेट शॉर्ट आहेत. तरी जडच राहिलं तर वायर मोटरमध्ये किंवा ॲक्सलपाशी शॉर्ट आहेत, आणि अशा मोटरला नवीन कंट्रोलर लावू नका, तोही जळेल.

९. पक्की खात्री, डायोड मोडवर. बॅटरी आणि मोटर दोन्ही वेगळ्या, कपॅसिटर रिकामा. मीटरचं काळं टोक कंट्रोलरच्या जाड लाल वायरीवर, लाल टोक एकेका फेजवर. तिन्हींवर साधारण ०.४ ते ०.६ दिसायला हवं, आणि तिन्हींचं जवळजवळ सारखं. मग लाल टोक जाड काळ्या वायरीवर, काळं टोक एकेका फेजवर. परत तसंच. कुठे शून्य दाखवून बीप वाजला की मॉसफेट गेला. आता छातीठोकपणे म्हणा, कंट्रोलर गेला.

पहिल्यांदा करताना तासभर लागेल. दहाव्या गाडीला वीस मिनिटं.

कंट्रोलर गेलाच असेल, तर 'का गेला' ते विचारा

हा प्रश्न सोडला तर गाडी परत येणार. पाणी शिरलं का? फेज वायरीचा नट ढिला होऊन तापला का? तिघं बसून घाट चढवला का? कोणी ४८ च्या जागी ६० ची बॅटरी लावली होती का? कारण सापडलं की ते आधी दुरुस्त करा, गिऱ्हाइकाला सांगा आणि बिलावर लिहा.

खरेदी: स्टिकर वाचायला शिका

जुन्या कंट्रोलरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि तो स्पेअरवाल्याला पाठवा. फोनवर नुसतं "४८ चा कंट्रोलर द्या" म्हणू नका. इतकं जुळायला हवं:

- व्होल्टेज. ४८ ला ४८, ६० ला ६०.
- करंट मर्यादा आणि वॅट. जुन्याएवढीच.
- कमी व्होल्टेजला बंद होण्याची पातळी. गाडी लेड-ॲसिडवरून लिथियमवर नेली असेल तर हे नक्की विचारा.
- हॉल सेन्सरचा कोन. बहुतेक मोटरींना १२० अंश, काहींना ६०.
- जादा वायरी. रिव्हर्स, तीन स्पीड, चोरी अलार्म, मीटरचा स्पीड सिग्नल.
- डिस्प्ले. इलेक्ट्रिक सायकलीत आणि काही स्कूटरमध्ये डिस्प्ले आणि कंट्रोलर एकमेकांशी ठरलेल्या भाषेत बोलतात. भाषा जुळली नाही तर गाडी उठत नाही, किंवा डिस्प्लेवर एरर येतो.

कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालणारी नवी स्मार्ट स्कूटर असेल तर कंट्रोलर बाजारात घेऊन बसत नाही, तो त्या गाडीशी जोडावा लागतो. अशा गाडीच्या मालकाला सरळ सांगा, "हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं आहे." आधी विचारा, वॉरंटी शिल्लक आहे का? असेल तर डबा उघडूच नका. नाही म्हणण्यानेही नाव होतं.

"दादा, जरा मोठा कंट्रोलर टाका ना!"

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. पिकअप वाढेल, स्पीड वाढेल, दोन पैसे तुम्हालाही जास्त मिळतील. करू नका. जास्त करंट ओढला की बॅटरी, वायरिंग, मोटर तिघंही तापतात. आणि दुसरी गोष्ट कायद्याची. नंबर प्लेट आणि लायसन्सशिवाय जी गाडी चालते, ती मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे म्हणून चालते. तुम्ही मर्यादा ओलांडून दिली की ती गाडी मोटार वाहन ठरते, तिला नोंदणी लागते, विमा लागतो, चालवणाऱ्याला लायसन्स लागतं. उद्या अपघात झाला तर पहिला प्रश्न येईल, "हे बसवलं कोणी?" दोन-चारशे रुपयांसाठी ते उत्तर तुमच्या नावावर घेऊ नका.

बसवताना

पहिलं काम, मोबाईलने फोटो. जुना कंट्रोलर जोडलेला असतानाच चारही बाजूंनी. प्रत्येक कपलरला मास्किंग टेपचा तुकडा लावून नाव लिहा: थ्रॉटल, ब्रेक, हॉल, चावी. नवीन कंट्रोलरच्या वायरींचे रंग जुन्यासारखेच असतील असं कधीच धरू नका. सोबत आलेल्या कागदावर किंवा स्टिकरवर बघा, नसेल तर विक्रेत्याकडून मागवा.

जोडायचा क्रम: आधी फेज आणि हॉल, मग थ्रॉटल, ब्रेक, चावी. बॅटरी सगळ्यात शेवटी. लाल-काळी उलटी लागली तर कंट्रोलर तिथेच संपतो, म्हणून जोडण्याआधी मीटरने पोलॅरिटी बघा.

पहिल्यांदा पॉवर देताना एक देशी जुगाड करा. जितक्या बॅटऱ्या तितके, एकाच वॅटचे बारा व्होल्टचे इंडिकेटर बल्ब सिरीजमध्ये जोडून एक पट्टी बनवा. ४८ ला चार, ६० ला पाच. चावी बंद ठेवून बॅटरी आणि कंट्रोलरच्या मधे लाल वायरीत ही पट्टी लावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाले तर ठीक, कपॅसिटर चार्ज झाला. पूर्ण उजेडाने पेटत राहिले तर कुठेतरी शॉर्ट आहे. तुमचे फुकटात वाचले १,८०० रुपये! सगळं ठीक असेल तर पट्टी काढून लगेच वायर सरळ जोडा.

आता मोटरची ओळख. बऱ्याच नवीन कंट्रोलरला 'सेल्फ लर्निंग'च्या दोन वायरी असतात, बऱ्याचदा पांढऱ्या. मागचं चाक हवेत आहे ना, ते परत बघा. त्या दोन जोडून चावी चालू केली की चाक आपोआप फिरतं. उलटं फिरलं तर वायर सोडवून परत एकदा जोडा, दिशा बदलते. बरोबर फिरलं की वायरी वेगळ्या करून टेप मारा. ही सोय नसेल तर हॉलच्या वायरी जशाच्या तशा ठेवा आणि फक्त तीन फेज वायरींच्या सहा जोड्या एकेक करून तपासा. थ्रॉटल अगदी थोडा. सहापैकी एकाच जोडीवर मोटर शांत फिरते, सरळ किंवा उलटी. बाकीच्यांवर गुरगुरते, थरथरते, करंट जास्त खाते. अशा जोडीवर थ्रॉटल धरून ठेवलात तर नवा कंट्रोलर तापून जाईल. कानाला पटलं नाही की लगेच सोडा.

शेवटी बसवणी. वायरी बाहेर येतात ते तोंड खालच्या बाजूला, म्हणजे पाणी आत ओघळत नाही. वायरीला थोडा झोळ ठेवा, थेंब तिथूनच खाली पडेल. फेज वायरीचे नट घट्ट, प्रत्येकावर स्लीव्ह. हवा लागेल अशी जागा. फोममध्ये गुंडाळून ठेवू नका, त्याला उष्णता बाहेर टाकायची असते. मग दोन्ही ब्रेक दाबून पॉवर तुटते का ते तपासा, आणि चाचणीची चक्कर स्वतः मारा. एक चढ असू द्या. परत आल्यावर कंट्रोलरला आणि फेज वायरींना हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर जोड परत उघडा.

आता धंद्याचं बोलू

तपासणी फुकट करू नका. "तपासणी २०० रुपये, काम आमच्याकडे केलं तरी आणि नाही केलं तरी" अशी पाटी लावा. सुरुवातीला दोघं-तिघं कुरकुर करतील. पण तपासणी फुकट असली की तुमची कमाई पार्ट बदलण्यावरच अवलंबून राहते, आणि मग नकळत हात पार्टकडेच जातो. तपासणीचे पैसे घेतलेत की ८० रुपयांचा स्विच बदलूनही तुमचं नुकसान होत नाही. प्रामाणिक राहणं परवडलं पाहिजे, मित्रांनो. दर असा ठेवा की ते परवडेल.

बाकी चार सवयी:

- तपासणी कार्ड. वरच्या नऊ पायऱ्या एका कागदावर छापा, प्रत्येकीसमोर आकडा लिहा, एक प्रत गिऱ्हाइकाला. "कंट्रोलर गेला" आणि "पाच व्होल्ट येत नाहीत, दोन नंबरचा फेज शॉर्ट आहे, हे बघा" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.
- आधी अंदाज, मग काम. आकडा व्हॉट्सॲपवर पाठवा, "करा" असा निरोप आल्यावरच पार्ट मागवा. महागाच्या पार्टला ॲडव्हान्स घ्या.
- जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवा, हवा असेल तर द्या. नको म्हणाला तर ई-कचरा घेणाऱ्याकडे पाठवा, उकिरड्यावर टाकू नका.
- गॅरंटी लिहून. पार्टवर विक्रेत्याची जितकी वॉरंटी, तितकीच तुम्ही बोला. तुमच्या बसवणीची वेगळी, समजा एक महिना. पाण्याने बिघडलं तर काय, तेही लिहा.

आणि माल भरायची घाई नको. कंट्रोलर मॉडेलप्रमाणे बदलतो, पैसे अडकतात. त्याऐवजी ब्रेक स्विच, थ्रॉटल, कपलर, हॉल सेन्सर, फ्यूज, एमसीबी हे थोडं थोडं ठेवा. दहा कंट्रोलरच्या पैशात ही सगळी पेटी भरते, आणि गाडी त्याच दिवशी बाहेर पडते.

गोष्टीचा शेवट

फळीवर अडकलेला तो १,८०० चा कंट्रोलर आठवतोय? दीड महिन्याने तसलीच एक गाडी आली. या वेळी नऊच्या नऊ पायऱ्या झाल्या, मॉसफेट खरोखर शॉर्ट निघाला. मित्राने मालकाला सांगितलं, "माझ्याकडे एक आहे. नवा घेतलेला, पण एका गाडीला तीन दिवस लावून काढलेला. चालत असेल तर १,४०० ला देतो, नाहीतर नवीन मागवतो." मालक म्हणाला, "लावा. सांगितलंत हेच खूप झालं." चारशे रुपये तोटा गेला. ती फी समजा.

आणि त्या ताई? डबे अजून त्याच गाडीवर जातात. पावसाळ्याआधी गाडी तपासून घ्यायला त्या आता स्वतःहून येतात, आणि दोनशे रुपये काउंटरवर आधी ठेवतात.

तुमचं या आठवड्याचं काम: नऊ पायऱ्यांचं कार्ड छापा. मग एक चांगली, बिघाड नसलेली बॅटरीची गाडी घ्या, घरातली असो की मित्राची, आणि तिचे सगळे आकडे लिहून काढा. चांगली गाडी काय आकडे दाखवते हे ज्याच्या वहीत आहे, त्यालाच बिघडलेली गाडी ओळखता येते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर मीटर चालू ठेवा आणि पाना जरा उशिरा उचला!